वेळेला असावी

आमच्या मामांची नवी गाडी जवळजवळ वर्षभर इंजिनावर अडली होती. बंद पडली नव्हती, घेतलीच नव्हती. गाडी घ्यायची हे ठरलं होतं, उंच एसयूव्हीच घ्यायची हेही ठरलं होतं, रंगसुद्धा ठरला होता (पांढरा, उन्हात कमी तापतो आणि विकताना लवकर जातो). शेवटी प्रकरण चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुन या दोन गाड्यांपर्यंत आलं. दोन्हींचा वरचा पत्रा निराळा, खालचा सांगाडा एकच आणि इंजिनंही तीच दोन. एक ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ११५ अश्वशक्तीचं. दुसरं १४९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं. इथे येऊन मामा थांबले ते थांबलेच. एवढा अभ्यास बँकेच्या प्रमोशनच्या परीक्षेचा केला असता तर झोनल मॅनेजर म्हणून रिटायर झाले असते, असं मामी म्हणतात.

मामांचं सगळं आयुष्य दोन वाक्यांवर चालतं. पहिलं, "वेळेला असावी." दुसरं, "पण रोजचं काय?"

पहिल्या वाक्यापायी त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट भरून गेला आहे. माळ्यावर तीस माणसांच्या भाताचं पातेलं आहे. ते मुलीच्या बारशाला एकदा वापरलं. मुलीच्या लग्नात ते बाहेर काढायचा मामांचा विचार होता, पण कार्यालयाच्या केटररने स्वतःची पातेली आणली आणि मामा दिवसभर थोडे नाराज होते. दिवाणाच्या पोटात नऊ गाद्या आहेत. नऊ माणसं एकाच रात्री मुक्कामाला आली तर झोपतील कुठे, हा प्रश्न मामांनी घेतलेला नाही. त्यांच्या मते त्यांचं काम गादीपर्यंत. गाडीच्या डिकीत दोरखंड, पाच लिटरचा पाण्याचा कॅन, टॉर्च आणि टॉर्चचे सेल वेगळ्या डबीत. टॉर्चमध्ये ठेवले तर गळतात. एप्रिलातल्या उन्हातही काखेत छत्री. कोणी विचारलं की उत्तर एकच.

दुसऱ्या वाक्यापायी पंखा तीनच्या पुढे जात नाही. गीझर घड्याळ लावून दहा मिनिटं. पेट्रोल भल्या सकाळीच भरायचं, कारण तेव्हा ते थंड असतं आणि लिटरमागे थेंबभर जास्त मिळतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. सिग्नल लांबून लाल दिसला की गाडी न्यूट्रलला टाकून ते अशा हिशेबाने सोडतात की ती बरोबर पट्ट्यापाशी आपल्या आपण थांबावी. मागचे हॉर्न वाजवतात. मामा आरशात बघून म्हणतात, "वाजवा. तुमचं पेट्रोल, तुमची बॅटरी."

एकाच माणसात ही दोन माणसं राहतात. एरवी त्यांचं भांडण होत नाही, कारण माळ्यावरच्या पातेल्याला रोजचा खर्च नसतो. इंजिनाला असतो.

या सगळ्याच्या मुळाशी खंबाटकीचा घाट आहे. मामांचं गाव सावंतवाडीजवळ. पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, मग आंबोली उतरून खाली. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात, ही वारी ठरलेली. मामांची पहिली गाडी होती आठशे सीसीची. तिच्यात एका मे महिन्यात मामा, मामी, मामेबहीण, माझी आई, मी, मामांच्या सासूबाई आणि सासूबाईंचं लोणच्याच्या बरण्यांचं खोकं, एवढी मंडळी बसली होती. खंबाटकीच्या मधल्या वळणावर गाडी पुढे जाईना. दोष गाडीचा नव्हता, तिच्यावर बसलेल्या दोन कुटुंबांचा होता. सगळे उतरले. सासूबाईंनी छत्री उघडली आणि एक अक्षर न बोलता उरलेला चढ पायी चढल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, एसटी बरी." त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या आणि पुन्हा कधी मामांच्या गाडीत बसल्या नाहीत. दर वेळी एसटीने येत, आणि स्टँडवर आणायला गेलेल्या मामांना प्रवास कसा छान झाला ते सविस्तर सांगत.

तेव्हापासून मामा गाडीकडे बघतात ते घाटाच्या नजरेने. गाडीत गाणी कशी वाजतात, सनरूफ आहे का, मोबाईल कुठे चार्ज होतो, यात त्यांना रस नाही. गाडी सिंहगड रोडच्या कोंडीत वर्षाचे अकरा महिने उभी राहणार हे त्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कायम एकच चित्र असतं: पाऊस पडतोय, सात जणांचं सामान डिकीत आहे, पुढे चढ आहे, पुढे ट्रक आहे. खंबाटकीत साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि पुण्याकडे येताना बोगदा आहे, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. मामांनी त्यावर विचार केलेला आहे. "जाताना खंबाटकी चढायची आणि आंबोली उतरायची. येताना आंबोली चढायची आणि खंबाटकीला बोगदा. म्हणजे कुठूनही निघा, एक चढ नशिबात आहेच."

अभ्यासासाठी दोनशे पानी वही घातली गेली. डावीकडे छोटं इंजिन, उजवीकडे मोठं. मामा भेटेल त्याचं मत घेत. पंपावरचा पोरगा, पर्यटकांना घेऊन महाबळेश्वरला जाणारे ड्रायव्हर, शुक्रवार पेठेतला मेकॅनिक. मेकॅनिकने सांगितलं की टर्बोवाली गाडी दमवून आणली की लगेच बंद करू नये, अर्धा मिनिट चालू ठेवावी, तेल फिरून टर्बो थंड होतो. सल्ला खरा आहे, पण तो दमवून आणलेल्या गाडीसाठी. मामा हल्ली कोपऱ्यावरून दूध घेऊन आले तरी पार्किंगमध्ये अर्धा मिनिट डोळे मिटून बसतात. नव्या शेजाऱ्यांना वाटतं जप करतात.

छोट्या इंजिनाबद्दल त्यांचा पहिला आक्षेप सिलिंडरचा. "तीन? तीन चाकं रिक्षाला असतात."

मी म्हटलं, "मामा, तुमच्या पहिल्या गाडीलाही तीनच सिलिंडर होते."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ते तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि म्हणूनच सासूबाई चालल्या."

मी जरा वाचून गेलो होतो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि इंजिनात जादा हवा कोंबायची. त्यामुळे या एक लिटरच्या इंजिनाचा टॉर्क १७८ न्यूटन मीटर भरतो. साध्या, बिनटर्बोच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाचा १४५ च्या आसपास असतो. म्हणजे मामा ज्याला छोटं म्हणत होते ते ओढायला कालपरवाच्या मोठ्यांपेक्षा तगडं आहे. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"ते टर्बो आहे म्हणून," मामा म्हणाले. "टर्बो गेला तर?"

"मोठ्यालाही टर्बोच आहे, मामा. २५० न्यूटन मीटर टर्बोमुळेच येतात."

"मोठ्याचा टर्बो गेला तरी खाली दीड लिटर उरतंच की."

या वाक्याला उत्तर नाही. मी पुष्कळांना विचारून बघितलं.

मधल्या काळात मामांनी इतर गाड्यांचेही दरवाजे उघडून बंद करून पाहिले. दरवाजा बंद होतानाचा आवाज ऐकून गाडीची जात कळते असं ते मानतात. स्कॉर्पिओ-एन बघायला गेले आणि रागावून परत आले. तिचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन खालच्या मॉडेलात १३२ अश्वशक्ती देतं आणि वरच्यात १७५. "इंजिन तेच, मग ताकद कमी कशी?" मी म्हटलं, ट्यूनिंग. मामा म्हणाले, "ट्यूनिंग काय, पैसे कमी दिले म्हणून गळा आवळून ठेवलाय गरिबाचा." त्या इंजिनाबद्दल मामा अजूनही हळहळतात.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. मामांची गाडी चार मीटरच्या पुढची. म्हणजे तिच्यात ९९९ सीसीचं इंजिन असो की १४९८ चं, कराचा दर तोच. मामांनी मला रात्री साडेदहाला फोन केला. साडेदहाचा फोन आला की आमच्याकडे आई आधी देवापुढे उभी राहते. मामांचा आवाज गंभीर होता. "अरे, लहान इंजिन घेऊन सरकारकडून काही सवलत मिळत नाही. मग लहान का घ्यायचं?" इथे "वेळेला असावी"ने पहिल्यांदा आघाडी घेतली.

"रोजचं काय?"नेही हार मानली नव्हती. ते गेलं मायलेजकडे. गाड्यांच्या मायलेजचा अधिकृत आकडा देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर. तिच्या तेव्हाच्या आकड्यांत या गाड्यांच्या ऑटोमॅटिक प्रकारात मोठ्या इंजिनाचं मायलेज छोट्यापेक्षा थोडं जास्तच होतं. मामांना ऑटोमॅटिकच हवी होती. सिंहगड रोडवर क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा गेला आहे. पण मोठं इंजिन कमी पितं ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. "कशी मोजतात रे तिथे?" मी सांगितलं, गाडी रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि ठरलेल्या वेगाने चालवून बघतात. "रोलरवर," मामा म्हणाले. "तिथे खंबाटकी कुठून आणणार?" त्या दिवशी वहीच्या दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या.

टेस्ट ड्राइव्हला मी नव्हतो. आईने सांगितलं ते असं. शोरूममधला टायवाला मुलगा म्हणाला, "सर, रूट फिक्स आहे. इथून सरळ, पुढून यू-टर्न." मामांनी विचारलं, "त्यात चढ कुठाय?" मुलगा म्हणाला, "सर, स्पीडब्रेकर आहेत ना." मामा हसले नाहीत. त्यांनी सोबत तांदळाची दोन पोती आणली होती, ती डिकीत ठेवायला लावली. मागे मामी, माझी आई आणि तळमजल्यावरचे काका. काकांना खास वजनासाठी बोलावलं होतं. निघण्याआधी मामांनी वही उघडून प्रत्येकाचं वजन विचारलं. काकांनी ब्याऐंशी सांगितलं, मामांनी पंच्याण्णव लिहिलं. आईने सांगितलं. मामींनी सांगितलं नाही. "लग्नाआधी विचारायचं होतंत," म्हणाल्या. मामांनी त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि वरात कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघाली.

आधी एक लिटरची. चढली. पोत्यांसकट, काकांसकट, वळणावर जरासा विचार करून पण शेवटपर्यंत चढली. वर गाडी थांबवून मामा बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले आणि म्हणाले, "चढली." मुलीचं सासर चांगलं निघाल्यावर बापाचा जसा एक राग वाया जातो, तसा त्यांचा आवाज होता. मग म्हणाले, "पण आज पाऊस नव्हता." मग दीड लिटरची. तीही चढली, आणि विचार न करता चढली. काका झोपले होते. टायवाल्या मुलाने विचारलं, "सर, मग कोणती बुक करू?" मामा म्हणाले, "तांदूळ उतरवा आधी."

मामेबहीण सीए आहे. तिने एका रविवारी बापाला समोर बसवलं. दोन्ही गाड्यांतला फरक हिशेबाच्या सोयीसाठी दोन लाख धरला. वर्षात दोन फेऱ्या, फेरीला दोन चढ, म्हणजे वर्षाला चार. दहा वर्षांत चाळीस. "बाबा, एका चढाचे पाच हजार होतात."

मामी आतून म्हणाल्या, "पाच हजार द्या, मी ढकलते."

मामांनी हिशेब तपासला. बरोबर होता. त्या दिवशी त्यांनी एक लिटरची घ्यायचं जाहीर केलं आणि रात्री जेवले नाहीत. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं. हिशेब बरोबर होता, पण तो मांडणाऱ्या पोरीला आजी छत्री घेऊन चढताना आठवत नव्हती. ती तेव्हा आईच्या मांडीवर होती.

कोडं सुटलं ते माहितीपत्रकाच्या एका बारीक अक्षरांतल्या ओळीमुळे. दीड लिटरच्या इंजिनात अशी सोय आहे की गाडी सपाट रस्त्यावर एका चालीत, हलक्या पायाने चालली असेल तर चारातले दोन सिलिंडर बंद होतात. पेट्रोल दोघांनाच. पाय जोरात दाबला की चारही हजर. मामांना प्रथम संताप आला. "पैसे चारचे घेतात आणि चालवतात दोनवर?" पण हे म्हणता म्हणता ते गप्प झाले. तोंड तसंच उघडं. मी त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश फक्त एकदा पाहिला आहे, पगाराच्या फरकाची थकबाकी मिळाली तेव्हा.

"म्हणजे रोज दोन," ते हळू म्हणाले, "आणि वेळेला चार."

त्यांची दोन्ही वाक्यं एका झाकणाखाली बसवणारं यंत्र कुणीतरी बनवलं होतं. वही मिटली. दुसऱ्या दिवशी बुकिंग. मामी म्हणाल्या, "आपल्याकडेही दोनच सिलिंडर आहेत आणि त्यातला एक कायम रिकामा. त्याचं कधी एवढं कौतुक नाही झालं." पण त्यांनीच गाडीला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबं ठेवली.

गाडी येऊन आता पुरेसे दिवस झाले. मामा ती कशी चालवतात ते सांगायला हवं. समोरच्या पडद्यावर दोन सिलिंडरवर चालत असल्याची खूण उमटते. ती उमटली की मामा श्वास रोखतात. महामार्गावर ते पंच्याहत्तरचा वेग धरून, पायाचा अंगठासुद्धा न हलवता ती खूण सांभाळत जातात. मागून छोट्या इंजिनाच्या गाड्या भरधाव निघून जातात. मी म्हटलं, "मामा, दीडशे घोडे आहेत तुमच्याकडे." ते म्हणाले, "आहेत ना. मग पळवलेच पाहिजेत का?"

गणपतीला मी त्यांच्याबरोबर गेलो. खंबाटकीच्या पायथ्याशी मामांनी पाठ सरळ केली, चष्मा वर केला आणि एसी बंद केला. घाट आला की एसी बंद, ही आठशे सीसीच्या दिवसांची सवय आहे. पुढच्या जन्मी विमान चालवलं तरी टेकऑफला एसी बंद करतील. काचा उघडल्या, धूर आत आला. पुढे उसाची यंत्रं वाहणारा एक लांबलचक ट्रेलर होता. त्याच्या पुढे दुसरा. संपूर्ण घाट आम्ही ताशी पंधराच्या वेगाने चढलो. त्या वेगाने माझी स्कूटरही चढली असती. मधल्या वळणावर मामांनी डावीकडे पाहिलं. मामींनीही पाहिलं. "चला आता," मामी म्हणाल्या. वर आल्यावर मामांनी एसी लावला आणि समाधानाने म्हणाले, "बघितलंस? दम म्हणून लागला नाही."

शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, दोघं-तिघं बसणाऱ्या माणसाला ते एक लिटरचं इंजिन पुरून उरतं. कात्रजला पोत्यांसकट सिद्ध झालं आहे, मामाही खासगीत मान्य करतात. पण मामांनी मोठं घेतलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे, आणि पाच हजारांचा हिशेब मला पाठ असूनही आहे. तुमच्या घरात कोणी असं दोन इंजिनांमध्ये अडकलं असेल तर त्याला सरळ मामांकडे पाठवा. वही अजून आहे, सल्ला फुकट आहे, मामींच्या हातचा चहाही मिळेल. फक्त बसण्याआधी ते घरातल्या सगळ्यांची वजनं विचारतील. ती खरी सांगा.